अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना : दावा नामंजूर झालाय, पुढे काय करायचं?

अश्विनी_खेड

नमस्कार मंडळी,

माझ्या नवऱ्याचा बेकारी भत्त्याचा दावा नामंजूर झालाय. पोर्टलवर एकच ओळ दिसते, पात्रतेच्या अटी पूर्ण होत नाहीत. कोणती अट, किती दिवस कमी पडले, काही म्हणजे काही नाही. आमच्या चाळीत आणखी दोन घरांत हेच झालंय, म्हणून सगळ्यांसमोर विचारतेय.

हे चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत वेल्डिंगला होते. तीन वर्षं झाली. कागदावर मात्र कंपनीचे नाहीत, ठेकेदाराचे. जानेवारीत ठेकेदार बदलला. माणूस तोच, गेट तेच, मशीन तेच, फक्त गेटपासवरचं नाव बदललं. मे महिन्याच्या शेवटी सुपरवायझरने सांगितलं की ऑर्डर कमी झाल्यात, एक तारखेपासून येऊ नका. लेखी काही दिलं नाही. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मात्र दर महिन्याला कापला गेलाय, स्लिपा आहेत.

दावा आम्ही पोर्टलवरूनच भरला. नामंजूर झाल्यावर शाखा कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी संगणकात बघून दोन गोष्टी सांगितल्या. एक, ठेकेदाराने यांना जूनपासून "रजेवर" दाखवलंय, म्हणजे नोकरी सुटलेलीच नाही. दुसरं, या विमा क्रमांकावर दोन वर्षांची सेवा दिसत नाही. घरी येऊन कपाट उपसलं तर जुन्या ठेकेदाराच्या वेळचं ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, सापडलं. त्यावरचा क्रमांक वेगळाच आहे.

तीन वर्षं पैसे भरलेत ते कुठे गेले? ठेकेदार फोन उचलत नाही. यावर अपील असतं का? कुणाकडे करायचं? घरात दोन मुलं आहेत, शाळेची फी तोंडावर आहे. माहीतगारांनी कृपया लिहा.


निवृत्त_विमाकर्मचारी

अश्विनीताई, तुमचे पैसे कुठे गेलेले नाहीत, ते दोन क्रमांकांवर विभागले गेलेत. हे दुरुस्त होतं. मी या खात्यात आयुष्य काढलंय, म्हणून सविस्तर लिहितो. इतरांनाही उपयोग होईल.

योजना १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या २५ टक्के होता आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, तो ५० टक्के केला आणि थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आणली. दावा मालकामार्फतच पाठवायचा ही अटही काढली, कामगार स्वतः थेट भरू शकतो. मिळतो जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच. म्हणून दावा नीट लागला पाहिजे, घाईत वाया जाता कामा नये.

आता अटी. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य नोकरी हवी. योगदानाचे वर्षातून दोन कालावधी असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं योगदान हवं, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी कुठल्याही एकात पुन्हा किमान ७८ दिवस हवेत. तुमच्या यजमानांचं काम मेअखेर गेलं. म्हणजे त्यांच्यासाठी लगेच आधीचा कालावधी ऑक्टोबर ते मार्च. त्यातले ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर जुन्या क्रमांकावर आणि जानेवारी, फेब्रुवारी, मार्च नव्यावर. नव्या क्रमांकाकडे एकट्याने पाहिलं तर माणूस जानेवारीत कामाला लागला आणि मेमध्ये गेला असंच दिसणार. दोन वर्षं कुठून भरतील?

आता "रजेवर"चं प्रकरण. मालक दर महिन्याला योगदानाचा तक्ता भरतो. ज्या माणसाचे त्या महिन्यात शून्य दिवस आहेत, त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ म्हणजे निवृत्त, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. २ किंवा १० टाकलं तर कामाचा शेवटचा दिवसही भरावा लागतो. ठेकेदाराच्या ऑफिसातल्या पोराने १ टाकून मोकळं केलं, शेवटचा दिवस भरलाच नाही, त्यामुळे संगणकाच्या लेखी तुमचे यजमान अजून नोकरीतच आहेत. एका आकड्यामुळे माणसाचा भत्ता अडतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की अजूनही चीड येते.

आधी दोन्ही क्रमांकांवर योगदानाचा तपशील काढा. विमाधारकाच्या लॉगिनमध्ये महिन्यागणिक दिवस आणि वेतन दिसतं. त्याचा प्रिंट घ्या. मग पुढचं बोलू.


सातपूरकर

ताई, मी नाशिकला कामगार संघटनेचं काम करतो. काकांनी आतली बाजू सांगितली, मी बाहेरची सांगतो.

ठेकेदाराच्या मागे धावण्यात वेळ घालवू नका. थेट मूळ कंपनीच्या एचआरला पत्र द्या. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, त्याच्या कलम ४० मध्ये स्पष्ट होतं की ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसाचंही योगदान आधी मुख्य मालकाने भरायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. आता सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तरी थेट लावलेला असो वा ठेकेदारामार्फत, योगदानाची जबाबदारी मालकाची हे कायम आहे. एचआरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तपासणी लागेल या विचाराने ते ठेकेदाराला स्वतः फोन करतात. आमच्याकडे अशी किती तरी प्रकरणं एका पत्रावर हलली.

पत्रात रागाने काही लिहू नका. तीनच गोष्टी मागा. कामाचा शेवटचा दिवस ३१ मे असा नोंदवावा. कारण कामगार कपात असं नोंदवावं. आणि सेवेचा दाखला द्यावा. पत्राची प्रत आपल्याकडे ठेवा आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय गेटवरून हलू नका. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. ठेकेदार हिशेब देताना "स्वखुशीने राजीनामा देत आहे" असा छापील कागद पुढे सरकवतात. काही जण तर कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घेतात. या योजनेत गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेला, वयोमानाने निवृत्त झालेला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस बसत नाही. काम संपल्यामुळे काढलं असेल तर कागदावर तसंच लिहून घ्या. वर्षभर सलग काम झालं असेल, म्हणजे २४० दिवस, तर कपातीची नुकसानभरपाईही निघते, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. स्वखुशीच्या एका सहीने भत्ता आणि भरपाई दोन्हींवर पाणी पडतं.


रेश्मा_इचलकरंजी

माझा दावा मंजूर होऊनही पैसे आले नाहीत. कुणाला असाच त्रास असेल तर लिहून ठेवते.

मी सूतगिरणीत होते. विमा क्रमांक लग्नाआधी निघालेला, माहेरच्या नावाने. आधार लग्नानंतर सासरच्या नावाने करून घेतलं. बँकेचं खातं शाळेत असताना काढलेलं, त्यावर पुन्हा माहेरचं नाव, आणि वडिलांचं नाव गाळून. तीन ठिकाणी तीन नावं. शिवाय माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा आयएफएससी बदललेला, पण ईएसआयच्या नोंदीत जुनाच राहिला होता. पैसे बँकेपर्यंत जाऊन परत फिरले.

आधी बँकेत विवाह नोंदणीचा दाखला देऊन नाव आधारप्रमाणे केलं. मग विमा नोंदीतलं नाव मालकाकडून दुरुस्त करून घेतलं. नंतर नव्या आयएफएससीसह पासबुकाचं पहिलं पान दिलं. क्रम महत्त्वाचा आहे, आधार हा पाया धरून बाकीचं त्याला जुळवायचं. बायकांनी तर नोकरी चालू असतानाच हे करून घ्यावं. नोकरी गेल्यावर मालक सही द्यायला उभा करत नाही.


अश्विनी_खेड

काका, दादा, रेश्माताई, खूप आभार. दोन्ही क्रमांकांचे प्रिंट काढले. जुन्या क्रमांकावर व्यवस्थित भरलंय, महिन्याला २६, २७ दिवस. नव्यावर मात्र जानेवारी ते मार्च मिळून ७८ सुद्धा भरत नाहीत. यांनी एकही खाडा केलेला नाही. स्लिपेवर दिवस पूर्ण आहेत आणि पोर्टलवर कमी, असं कसं?

सायबर कॅफेवाला म्हणतोय की २० रुपयांच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दावा पुन्हा भरला की होईल. पाचशे रुपये मागतोय. करू का?


निवृत्त_विमाकर्मचारी

प्रतिज्ञापत्र मुळीच नको. ती अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढून टाकली. दावा ऑनलाइन भरून कागद स्कॅन करून जोडले असतील तर कार्यालयात प्रत्यक्ष कागदही द्यायला लागत नाहीत. जोडले नसतील तर दाव्याचा सहीचा प्रिंट आणि कागद न्यायचे, बस. पाचशे रुपये मुलांच्या वह्यांना ठेवा.

आणि मूळ दोष तसाच ठेवून दावा पुन्हा भरू नका. पुन्हा तीच ओळ येईल. आधी नोंद सुधारायची, मग दावा.

दिवस कमी का दिसतात तर ठेकेदार योगदान वाचवायला दिवस कमी दाखवतात. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, १ जुलै २०१९ पासूनचा दर हा आहे. मालकाचा वाटा चौपटीहून जास्त, म्हणून कात्री तिकडे लागते. स्लिपेवर पूर्ण दिवस आणि पोर्टलवर कमी, हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. स्लिपा लॅमिनेट करू नका, मूळ कुणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.

मात्र तुमच्या बाबतीत दोन क्रमांक एकत्र झाले की ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस मिळून ७८ आरामात पार होतात. म्हणून पहिलं काम ते. कमी दाखवलेल्या दिवसांची तक्रार वेगळी करा, दोन्ही एका अर्जात कोंबू नका. दोन वेगळ्या टेबलांचं काम एका कागदात असलं की तो कागद दोन्हीकडे पडून राहतो.

अर्ज साधारण असा लिहा:

"विषय : विमा क्रमांक (पहिला) व (दुसरा) एकत्र करणे आणि नामंजूर दाव्याची फेरतपासणी.
महोदय, वरील दोन्ही क्रमांक माझेच आहेत. पहिला क्रमांक आधीच्या ठेकेदाराने व दुसरा नंतरच्या ठेकेदाराने काढला. कामाची जागा व मूळ कंपनी एकच होती. सोबत आधार, दोन्ही ई-पहचान कार्डे, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, पगाराच्या स्लिपा व बँकेचा खातेउतारा जोडला आहे. दोन्ही क्रमांकांवरील योगदान एकत्र धरून माझी पात्रता पुन्हा तपासावी. अर्ज अमान्य करावयाचा झाल्यास कोणत्या कालावधीत किती दिवस कमी पडतात ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून टेबलावरच्या माणसाला दिवस मोजावे लागतात.


पीएफचं_काम_करतो

यात एक भर. काकांनी पीएफ पासबुक जोडायला सांगितलं ते अगदी बरोबर. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असेल तर त्याखाली दोन्ही ठेकेदारांची खाती ओळीने दिसतात, डिसेंबर इथे संपला आणि जानेवारी तिथे सुरू झाला. सेवा सलग होती हे सरकारी कागदावरच सिद्ध होतं.

पीएफमध्येही नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते आणि त्यावरून दावे अडतात. तिथे एक सोय आहे. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने उलटले की यूएएनच्या लॉगिनमधून ओटीपी टाकून ती तारीख सदस्याला स्वतः भरता येते. मालकाची गरज नाही. ती भरताना मात्र तारीख आणि कारण नीट बघा, ईएसआयच्या दाव्यातल्या तारखेशी जुळू द्या. एकीकडे १५ मे आणि दुसरीकडे ३१ मे असं झालं तर नवीच भानगड.

आणि ओटीपी कुणाला सांगू नका. एमआयडीसीच्या गेटबाहेर "दावा पास करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे फिरतात. ते तुमचा मोबाइल नंबरच बदलून टाकतात, मग स्वतःच्या खात्यात स्वतःला शिरता येत नाही.


हिंजवडी_फेज२

धागा वाचतोय. मी आयटीत, गेल्या महिन्यात नोकरी गेली. पगार पन्नास हजारांच्या वर. मला यातलं काही मिळेल का? की आमच्यासाठी काहीच नाही?


निवृत्त_विमाकर्मचारी

नाही. ईएसआयची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी २५,०००. त्यावरचा पगार असेल तर माणूस विम्यातच नसतो. पगार मध्येच वाढून २१,००० च्या वर गेला तर तो योगदान कालावधी संपेपर्यंत विमा चालू राहतो, नंतर बाहेर. तुमच्यासारख्यांसाठी सरकारकडून बेकारी भत्ता नाही, हे खरं आहे आणि ते चुकीचं आहे असं माझं मत आहे. दर महिन्याला उत्पन्नावरचा कर भरणाऱ्या माणसाला नोकरी गेल्यावर स्वतःच्याच पीएफला हात घालावा लागतो. तुम्ही ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे आणि नोटीस काळाचा पगार पूर्ण आलाय का ते तपासा.


बे_एरियातून

कॅलिफोर्नियात माझ्या बहिणीचा दावा नामंजूर झाला होता. तिथली पद्धत सांगते, तुलना करायला बरी पडेल.

तिथे नामंजुरीचं पत्र येतं, त्यात कारण आणि कायद्याचं कलम लिहिलेलं असतं. त्यासोबतच अपिलाचा फॉर्म असतो. पत्र टपालात टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत तो पाठवायचा. मग राज्याच्या अपील मंडळाचे न्यायाधीश सुनावणी घेतात, बहुतेक वेळा फोनवर. मालकाला बोलावतात, साक्षीदार चालतात, शपथ घेऊन बोलायचं. तिथेही हरलो तर मंडळाकडे दुसरं अपील आहे, त्यालाही ३० दिवस. एक गोष्ट सगळे विसरतात. अपील चालू असलं तरी दर दोन आठवड्यांची हजेरी भरत राहायची, मी काम शोधतेय म्हणून. नाहीतर अपील जिंकूनही त्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत. बहिणीने ते नेटाने केलं म्हणून तिला मागचे सगळे आठवडे मिळाले. तिच्याकडे एच-४ वरचा, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचा, काम करण्याचा परवाना आहे. एच-१बी वाल्यांचं अवघड असतं, कारण त्यांना व्हिसामुळे वाटेल ती नोकरी लगेच धरता येत नाही, आणि "कामाला उपलब्ध" असणं ही तिथली मुख्य अट आहे. रक्कमही फार नाही, आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, आणि ती २००५ पासून तीच आहे.

आपल्याकडे अशी सुनावणी का नसावी? कारण कळणं हा तर साधा हक्क आहे.


सातपूरकर

तुमचं अगदी खरं आहे. इथे नामंजुरीसोबत अपिलाचा फॉर्म येत नाही. पण कारण काढून घ्यायची हत्यारं आहेत.

पहिलं, माहितीचा अधिकार. ईएसआय ही केंद्राची संस्था आहे, म्हणून अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, महाराष्ट्र सरकारच्या नाही. बरेच जण इथेच चुकतात. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. "माझा दावा का नामंजूर झाला" असा प्रश्न विचारू नका, "का"ला उत्तर देत नाहीत. कागद मागा: माझ्या दाव्यावरील टिपणीची प्रत, पात्रतेच्या तपासणीचा तक्ता, दोन्ही क्रमांकांवरील दिवसांची नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे. त्यानंतर दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत.

दुसरं, केंद्राचं तक्रार निवारण पोर्टल, सीपीग्राम्स. तक्रार नीट न वाचता बंद केली तर तिथेही अपिलाची सोय आहे. तक्रारीत विमा क्रमांक, दाव्याचा क्रमांक आणि मागणी पहिल्या दोन ओळींत लिहा. कहाणी नंतर.

तिसरं, समोरासमोर. ईएसआयच्या कार्यालयांत दर महिन्याला "सुविधा समागम" नावाची तक्रार बैठक असते, तारीख शाखा कार्यालयात विचारा. पीएफवाल्यांची तशीच शिबिरं दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. तिथे वरचा अधिकारी बसलेला असतो आणि फाइल समोर मागवतो. आमची किचकट प्रकरणं मी तिथेच नेतो.


वाळूजचा_फिटर

आमची कंपनी कायमची बंद झाली, पंधरा वर्षं झाली होती मला. माझ्यासाठीही हीच योजना का?


सातपूरकर

थांबा, तुम्ही यात दावा भरू नका! कंपनी बंद झाली असेल किंवा कायद्याने कपात झाली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. ती २००५ पासून आहे, आणि भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. त्या काळात घरच्यांना औषधोपचारही. ९० दिवस कुठे आणि २४ महिने कुठे. कंपनी बंद झाल्याचा कागद, कपातीची नोटीस, जे असेल ते घेऊन आधी शाखा कार्यालयात या योजनेचं विचारा. काउंटरवर कुणी आपणहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन विचारायचं.


अश्विनी_खेड

कळवते म्हणाले होते, म्हणून लिहितेय.

कंपनीच्या एचआरला पत्र दिलं. सातपूरकर दादांनी सांगितलं तस्संच, तीन मागण्या, आवक शिक्का. शिक्का द्यायला आधी नाही म्हणाले, मी गेटवर बसून राहिले तेव्हा दिला. त्याच आठवड्यात ठेकेदाराचा फोन आला, जो आजवर आमचा उचलत नव्हता. कारणाचा आकडा बदलला, शेवटचा दिवस ३१ मे पडला.

क्रमांक एकत्र करायचा अर्ज शाखा कार्यालयात दिला. तिथल्या मॅडमनी पीएफ पासबुक बघितलं आणि म्हणाल्या, हे आणलंत ते बरं केलंत. त्यांनी स्वतः दिवस मोजून दाखवले. वेळ लागला, पण आता जुन्या क्रमांकावर सगळं एकत्र दिसतंय.

आता दावा पुन्हा भरायचाय. रक्कम साधारण किती येईल? आणि जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही महिन्यांचा एकदम भरायचा का?


निवृत्त_विमाकर्मचारी

वा! फार बरं वाटलं वाचून.

हिशेब असा. आधीच्या चार योगदान कालावधींतलं एकूण वेतन घ्यायचं, त्याला ७३० ने भागायचं. ते सरासरी रोजचं वेतन. त्याचे ५० टक्के, गुणिले दिवस. समजा वेतन महिना १६,००० होतं. २४ महिन्यांचे ३,८४,००० होतात. भागिले ७३०, म्हणजे ५२६ रुपये. निम्मे २६३. नव्वद दिवसांचे साधारण २३,६७० रुपये.

हाच हिशेब फक्त नव्या क्रमांकावर केला असता तर जानेवारी ते मार्चचेच ४८,००० धरले गेले असते, भागाकार मात्र ७३० नेच. हातात तीन हजारांच्या आत रक्कम आली असती, आणि आयुष्यात एकदाच मिळणारा लाभ त्यावर संपला असता. म्हणून म्हणत होतो, क्रमांक आधी. दावा कसाबसा मंजूर झाला आणि रक्कम फारच कमी दिसली, तरी हेच तपासायचं.

पुढच्या, अजून न आलेल्या दिवसांचा दावा करता येत नाही. तुमचे तीनही महिने उलटून गेले असतील तर एकदम भरा. आधार विमा क्रमांकाला जोडलेलं आहे ना, पासबुकावरचं नाव आणि आयएफएससी बरोबर आहे ना, ते रेश्माताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी बघा.


अश्विनी_खेड

पैसे जमा झाले. काकांच्या हिशेबाच्या जवळपास तेवढेच. मुलांची फी भरली.

कमी दाखवलेल्या दिवसांची तक्रार मी मागे घेतलेली नाही. ठेकेदार म्हणतोय, भत्ता मिळाला ना आता, सोडून द्या. पण त्याच्याकडे अजून साठ-सत्तर पोरं कामाला आहेत आणि त्यांचेही दिवस असेच कापले जातायत. चाळीतल्या दोघांचे प्रिंट मी काढून दिलेत, त्यातल्या एकाचे सुद्धा दोन क्रमांक निघाले. त्याचा अर्ज काल दिला.


भोसरी_नवीन

मी आजच सदस्य झालो. माझं काम गेल्या महिन्यात सुटलं, पण पुढच्या आठवड्यात दुसरीकडे लागतोय. मधल्या दिवसांचं काही मिळतं का, की सगळंच गेलं?


निवृत्त_विमाकर्मचारी

काम नसलेल्या दिवसांचा विचार होतो, नवी नोकरी लागल्याच्या दिवसापासून भत्ता बंद. पण आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट पाच-सहा आठवड्यांसाठी वापरायची का, ते घरात बसून ठरवा.

सगळ्यात तातडीचं दुसरंच आहे. नव्या ठिकाणी रुजू होताना तुमचा जुना विमा क्रमांक लिहून द्या, ई-पहचान कार्डाची झेरॉक्स जोडा, आणि "नवीन काढतो, सोपं पडतं" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पहिल्या पगारानंतर लॉगिन करून योगदान त्याच क्रमांकावर पडलंय का ते बघा. नसेल पडलं तर त्याच दिवशी एचआरला लेखी द्या, आणि इथे लिहा.